कॅडिलॅक घ्यायची? आधी जमिनीवर आडवे व्हा

पहिली कॅडिलॅक बघायला गेलो तेव्हा मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो होतो. तिथेच चुकलं. गाडी १९५४ ची, रंग फिकट निळा, टप पांढरा, क्रोम असं की त्यात बघून भांग पाडावा. विकणाऱ्याने कापडाने बॉनेट पुसत सांगितलं, ‘फुल रिस्टोरेशन.’ मी मान डोलावली. शर्ट मळेल म्हणून गाडीखाली शिरलो नाही.

तीन महिन्यांनी मागच्या चाकापुढे रंगाखाली हरभऱ्याएवढा फोड आला. नखाने दाबला तर टिचकन फुटला. आत स्क्रूड्रायव्हर घातला तर तो मुठीपर्यंत गेला, पत्रा लागलाच नाही. होती ती फायबरग्लासची जाळी, वर बोटभर पुटी आणि त्यावर तो सुंदर निळा रंग. गाडी विकली, तोटा सोसला आणि दोन वर्षांनी दुसरी घेतली. ती अजून आहे. पुढे जे लिहिलंय ते या दोन गाड्यांच्या मधल्या काळात शिकलेलं आहे. मी डेट्रॉईटच्या जवळ राहतो, त्यामुळे सगळं मिशिगनच्या हवेतून आणि इथल्या नियमांतून लिहिलंय. तुम्ही टेक्सासात असाल तर गंजाचा भाग थोडा सौम्य करून वाचा.

आधी वर्ष ठरवा, मग रंग

नवखा माणूस रंगाच्या प्रेमात पडतो. वर्षाच्या प्रेमात पडा, कारण या गाड्या आतून दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेल्या.

१९४८ ला मागचे पंख आले. दुसऱ्या महायुद्धातलं पी-३८ विमान बघून कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाला ते सुचले. १९४९ ला नवं व्ही-८ इंजिन आलं, ३३१ घनइंच, म्हणजे जवळपास साडेपाच लिटर. तेव्हा ते १६० हॉर्सपॉवरचं होतं, १९५४ पर्यंत २३० झालं. १९५३ ला ६ व्होल्ट जाऊन १२ व्होल्ट आले. नवख्याला हा बदल पंखांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण १२ व्होल्टची बॅटरी कुठेही मिळते आणि थंडीत गाडी मुकाट्याने सुरू होते. १९५४ ला पॉवर स्टीअरिंग सगळ्या कॅडिलॅकना कारखान्यातूनच मिळायला लागलं आणि कडांना वळलेली पुढची काच आली. १९५६ ला गिअरबॉक्समध्ये ‘पार्क’ आलं. त्याआधीच्या गाड्यांना पार्क नाहीच, त्याबद्दल पुढे सांगतो. १९५९ चे ते प्रसिद्ध उंच पंख आणि बुलेटसारखे जुळे दिवे सगळ्यांना हवे असतात, म्हणून त्यांचा भावही चढा.

१९५३ च्या गाड्यांची एक गंमत आहे. त्या ऑगस्टमध्ये डेट्रॉईटजवळच्या लिव्होनियाचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा (म्हणजे कॅडिलॅकच्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) कारखाना जळून खाक झाला आणि त्या वर्षीच्या काही कॅडिलॅकना ब्युइकचा डायनाफ्लो गिअरबॉक्स बसवावा लागला. तेव्हा १९५३ च्या गाडीत डायनाफ्लो दिसला तर ‘कुणीतरी मारून-मुटकून बसवलाय’ असं समजून पळू नका, तो अस्सल असू शकतो.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी १९५४ किंवा १९५५ ची सिरीज ६२ (कॅडिलॅकचं नेहमीचं मॉडेल), चार दारांची सेडान घ्या. दोन दारांची कूप दि व्हिल देखणी, कन्व्हर्टिबल तर त्याहून. पण त्याच वर्षाच्या कन्व्हर्टिबलच्या निम्म्याहून कमी पैशात सेडान मिळते, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, आणि आईला मागच्या सीटवर बसवताना तिला घडी घालावी लागत नाही. १९५७-५८ ची एल्डोरॅडो ब्रॉहम मात्र पहिली गाडी म्हणून नको. एकूण ७०४ च झाल्या, टप स्टेनलेस स्टीलचा, सस्पेन्शन हवेचं. ती हवा गळायची म्हणून मालकांनी नंतर सर्रास साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. अशी गाडी म्हणजे दाराशी हत्ती बांधणं आहे.

आणि हत्तीवरून आठवलं, गॅरेज मोजा. १९५४ ची कूप २२३ इंच लांब आहे, म्हणजे साडेअठरा फुटांच्या वर, आणि रुंदी जवळपास ८० इंच. आपल्या नेहमीच्या घरांचं गॅरेज २० फूट खोल असतं, त्यात वॉटर हीटर आणि मुलांच्या सायकली. माझ्या एका मित्राने गाडी घरी आणल्यावर मोजलं. आता त्याचं गॅरेजचं दार कॅडिलॅकच्या मागच्या बंपरला हळूच टेकून बंद होतं, मध्ये स्पंजाची पट्टी.

‘रिस्टोअर केलेली’ म्हणजे नक्की काय केलेली?

हा शब्द आपल्याकडच्या ‘घरगुती चवीचा’सारखा आहे, कुणीही कशालाही लावतो. एक माणूस गाडीचा सांगाडा चेसिसवरून उचलून, प्रत्येक नट-बोल्ट साफ करून परत जोडतो, त्यालाही रिस्टोरेशन म्हणतात. दुसरा जुन्या रंगावर नवा रंग फवारून सीटांना नवी कव्हरं घालतो, तोही तेच म्हणतो. म्हणून फोनवरच हे प्रश्न विचारा: काम कधी झालं? कुणी केलं? बॉडी चेसिसवरून उतरवली होती का? इंजिन उघडलं का, आणि उघडलं तर आत काय बदललं? ब्रेकच्या लोखंडी नळ्या नव्या आहेत का? कामाचे फोटो आहेत का?

सगळ्यात मोलाचा प्रश्न शेवटचा. ज्याने खरंच काम केलंय त्याच्याकडे फोटोंचा ढीग असतो, आणि तो तुम्हाला ते दाखवल्याशिवाय सोडत नाही. उघडा पत्रा, कापलेली फरशी, जोडलेले नवे तुकडे, तेलकट हात. बिलांची फाइलही असते. ‘फोटो होते पण जुन्या फोनमध्ये गेले’ असं ऐकलंत तर किंमत मनातल्या मनात कमी करा. पंचवीस वर्षांपूर्वीचं काम असेल तर तेही आता जुनं झालंय हे ध्यानात घ्या. तेव्हाची नवी रबरं आज कडक झालेली असतात.

एक उलटा सल्लाही देतो. कधीच रिस्टोअर न केलेली, थोडी विटलेली पण कोरडी, एकाच घरात राहिलेली गाडी मिळाली तर तिच्याकडे नाक मुरडू नका. तिच्यात काय आहे ते दिसतं तरी.

आकडे जुळवा

टॉर्च, फोन आणि वही घेऊन जा. बॉनेट उघडलं की इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर फिशर बॉडीची (जनरल मोटर्सचा बॉडी बनवणारा विभाग) एक छोटी पाटी असते. तिच्यावर स्टाइल नंबर, बॉडी नंबर, आतल्या कापडाचा आणि रंगाचा क्रमांक असतो. स्टाइल नंबरातले पहिले दोन आकडे वर्षाचे. १९५४ ची साधी दोन दारांची हार्डटॉप असेल तर पुढे ६२३७, आणि कूप दि व्हिल असेल तर ६२३७ नंतर डी. साध्या गाडीला कूप दि व्हिलच्या पट्ट्या आणि अक्षरं चिकटवणं अवघड नाही. पाटी मात्र खरं बोलते, अर्थात ती त्याच गाडीची असेल तर. तिचे रिव्हेट नवे कोरे दिसत असतील तर एक भुवई वर करा.

दुसरा नंबर याहून महत्त्वाचा. त्या काळच्या कॅडिलॅकचा गाडीचा नंबर म्हणजे इंजिनाचाच नंबर, ब्लॉकवर ठोकलेला. १९५४ च्या सिरीज ६२ चा ५४६२ ने सुरू होतो. बहुतेक गाड्यांच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, हाच असतो. आता विचार करा: मध्ये कधीतरी कुणी इंजिन बदललं असेल तर टायटलवरचा नंबर इंजिनावर सापडणारच नाही, आणि गाडी नावावर करताना खिडकीपलीकडची बाई तुमच्याकडे संशयाने बघेल. हाच नंबर चेसिसवरही ठोकलेला असतो, पण तो सत्तर वर्षांच्या चिखला-तेलाखाली. वायर ब्रश न्या, घासा, फोटो काढा. टायटल, इंजिन, चेसिस, तिन्ही जुळले तर निर्धास्त व्हा. इंजिन जुळत नाही पण चेसिस जुळतं, तर गाडी घेता येईल, फक्त भाव कमी. काहीच जुळत नसेल तर चहा पिऊन घरी या.

आता आडवे व्हा

जुना शर्ट, जमिनीवर अंथरायला पुठ्ठा, चांगली टॉर्च, एक छोटं चुंबक रुमालात गुंडाळून. चुंबक उघडं लावू नका, रंगावर चरा गेला तर व्यवहार तिथेच मोडेल.

आधी चुंबक फिरवा. दारांखालचा लांब पट्टा, चारही चाकांच्या मागेपुढे, पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा, मागच्या मडगार्डचा डिकीकडचा भाग, डिकीच्या झाकणाची खालची कड. पाणी वरून येतं आणि खाली साठतं, गंज नेहमी खालून वर चढतो. चुंबक जिथे घट्ट बसतं तिथे पत्रा आहे. जिथे ढिलं पडतं किंवा निसटतं तिथे पुटी आहे. दोन-चार ठिकाणी पातळ पुटी असणं गुन्हा नाही, हातकामाच्या गाडीत ती असतेच. सगळ्या खालच्या कडेला निसटत असेल तर माझ्या पहिल्या गाडीची सख्खी बहीण समजा.

मग पाठीवर झोपून खाली सरका. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली असेल तर तिच्याखाली कधीच शिरायचं नाही. तिच्याबरोबरचा बंपर जॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता, आणि त्यालाही मी देवाचं नाव घेऊन हात लावतो. भक्कम स्टँड हवेत. गाडी साधारण दोन टनांची आहे.

खाली गेल्यावर काळ्या रंगाच्या जाड थराने भुलू नका. ताजा काळा डांबरी लेप म्हणजे बहुतेक वेळा ‘इथे बघू नका’. चेसिसच्या रेल्स बोटाच्या हाडाने ठोकून बघा. निरोगी लोखंड टणक वाजतं, आतून कुजलेलं भद्द वाजतं. बॉडी चेसिसवर जिथे टेकते ते बैठकीचे बोल्ट आणि रबरं बघा. तिथला पत्रा कागदासारखा झाला असेल तर बाकी सगळं छान असूनही काम मोठं आहे. आतून पायपुसणी आणि गालिचा उचलून फरशी बघा, डिकीत स्पेअर चाकाच्या खाली हात घाला. ओला गालिचा म्हणजे काचेच्या किंवा टपाच्या रबरातून पाणी येतंय.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. इथली गाडी खालून खाल्लेली असते. अॅरिझोनाची गाडी खालून कोरी पण उन्हाने सीट, डॅशबोर्ड, रबरं भाजलेली. दोघींतली एक निवडायची तर मी डोळे झाकून भाजलेली घेईन. कापड शिवता येतं.

उभं राहिल्यावर दारांच्या फटी बघा. एका बाजूला करंगळी जाते आणि दुसऱ्या बाजूला नख जात नाही, अशी फट असेल तर गाडी कधीतरी वाकलेली आहे किंवा बॉडी खाली बसलीय. दार एका बोटाने ढकला. चांगल्या कॅडिलॅकचं दार जड तिजोरीसारखं ‘खट्’ करून लागतं, आदळावं लागत नाही.

क्रोमकडे मात्र सावकाराच्या नजरेने बघा. बंपर लोखंडी, ते परत चढवता येतात, महाग पडतात एवढंच. खरी डोकेदुखी बारीक दागिन्यांची: दिव्यांच्या कडा, चिन्हं, हँडलं. ही बरीचशी जस्ताच्या ओतकामाची असतात, त्यात आतून खड्डे पडतात आणि पुन्हा क्रोम करणारे कारागीर कमी. प्रत्येक हरवलेली वा खवडलेली वस्तू वहीत लिहा. पुढची वळलेली काचही नीट बघा. कडांना दुधाळपणा आला असेल किंवा तडा असेल तर ती मिळवणं, आणणं आणि न फोडता बसवणं, तिन्ही खर्चाची कामं.

आत बसलात की प्रत्येक बटण दाबा. खिडक्या, सीट, रेडिओ, घड्याळ, डॅशबोर्डवरचा तो ऑट्रॉनिक आय. समोरून गाडी आली की आपोआप दिवे मंद करणारा तो डोळा कॅडिलॅकने १९५२ ला आणला, आज चालू मिळाला तर विकणाऱ्याला एक गुण द्या. एअर कंडिशनर असलेली त्या वर्षांची गाडी ओळखायची तर मागच्या काचेशी बघा. यंत्र डिकीत असतं आणि मागच्या सीटमागून पारदर्शक प्लास्टिकच्या दोन नळ्या टपाकडे जातात. थंड हवा येत नसली तरी नळ्या शाबूत असतील तर आनंद माना.

इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा

भेट ठरवतानाच सांगून ठेवा: ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर त्याने आधी तापवून ठेवलीय, का ते विचारा. तापलेलं इंजिन सगळे रोग लपवतं.

सुरू होताना मागे कुणाला तरी उभं करा. पहिल्या क्षणी निळा धूर आला आणि विरला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, जगता येईल. निळा धूर सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत जातंय, तिथून निघा. टॅपेट पहिले काही सेकंद टकटकतील, तेल वर चढलं की गप्प व्हायला हवेत.

मग चालवून बघा, किमान अर्धा तास, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. हायड्रामॅटिकला पुढचे चार गिअर आहेत, आणि त्यात आजच्या गाड्यांसारखा मऊपणा नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हलकासा धक्का जाणवतो, तो चालायचाच. गिअर बदलताना इंजिन मध्येच भरकन उडालं आणि गाडी मागे राहिली, तर तो आजार. परत आल्यावर पुठ्ठा खाली सरकवा आणि चहा होईपर्यंत थांबा. काही थेंब पडतील. या गाड्या गळतात, किती गळतात हा प्रश्न.

एवढं करूनही पैसे देण्याआधी जुन्या अमेरिकन गाड्या ओळखणारा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक बोलवा. तो आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजेल. आकडा किती यापेक्षा आठही आकडे एकमेकांजवळ आहेत का ते बघा. त्याची फी देताना हात आखडू नका. पहिल्या वेळी मी आखडला होता.

कागद, विमा, पाटी

भाव ठरवायला हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीचे प्रकाशित दर आणि हेमिंग्स या जुन्या गाड्यांच्या मासिकातल्या जाहिराती बघा. तिथे गाड्यांना अवस्थेप्रमाणे क्रमांक असतात, १ म्हणजे प्रदर्शनातली, ३ म्हणजे चांगली चालती. विकणारे सगळे आपली गाडी २ सांगतात. ती ३ असते.

विमा नेहमीच्या कंपनीकडून नेहमीसारखा काढू नका, ती सत्तर वर्षांच्या गाडीची किंमत भंगाराच्या हिशोबाने लावेल. संग्राहकांच्या गाड्यांचा, आधीच ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. त्याला साधारणपणे दोन अटी असतात: रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी आणि ही बंद गॅरेजमध्ये हवी.

मिशिगनात २६ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरपाटी मिळते. ती स्वस्त आहे, पण गाडी क्लबच्या कार्यक्रमांना, मिरवणुकींना, प्रदर्शनांना न्यायची, कामावर जायला नाही. गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये मात्र हौसेने फिरवायची मुभा आहे. याच महिन्यात, तिसऱ्या शनिवारी, डेट्रॉईटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ती प्रचंड फेरी निघते, १९९५ पासून. बाकी राज्यांचे नियम वेगळे आहेत, तुमच्या राज्याच्या वाहन विभागाच्या पानावर वाचा.

ज्यांच्या मनात ‘पुण्याला नेऊ’ असं येतं त्यांच्यासाठी: भारतात २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं असतात आणि गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. आयातीचा आणि कस्टमचा प्रश्न त्याआधीचा, तो त्यातल्या जाणकाराला विचारल्याशिवाय एक डॉलर खर्चू नका. तसा मुंबईचा आणि जनरल मोटर्सचा संबंध जुना. शिवडीला १९२८ पासून त्यांचा गाड्या जुळवण्याचा कारखाना होता. तो बंद झाला १९५४ ला, माझ्या गाडीच्या वर्षी.

पहिला महिना: चालवू नका, दुरुस्त करा

गाडी ट्रकवर चढवून घरी आणा. तीनशे मैल चालवत आणण्याचा मोह होतो. अनोळखी ब्रेक आणि अनोळखी टायर यांच्या भरवशावर ते करू नका.

पहिलं काम ब्रेक, आणि इथे जरा थांबतो. चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. म्हणजे एका चाकाची एक रबरी नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. कॅडिलॅकला दोन स्वतंत्र सर्किटं मिळाली ती थेट १९६२ ला. तेव्हा तिन्ही-चारही रबरी नळ्या, चाकांमधले सिलिंडर, मास्टर सिलिंडर, हे ‘चांगलं दिसतंय’ म्हणून सोडू नका. रबरी नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून फुगून बंद होत आलेली असते. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही, गाडी एका बाजूला ओढते, ड्रम तापतो. सगळं नवं घाला, ऑइल पूर्ण बदला. पार्किंग ब्रेकही नीट धरतोय ना ते उतारावर तपासा, कारण बाकी सगळं गेलं तर तोच आहे.

मग टायर. रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर खोलवर नक्षी असलेले, कोरे दिसतात. बाजूला चार आकडे शोधा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३०८’ म्हणजे २००८ चा तेविसावा आठवडा. असा टायर नक्षीसकट कचऱ्यात.

पेट्रोलमध्ये आज इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला आणि डायाफ्रामला खातं. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचं किट इथेनॉलला टिकणारं घाला, जमेल तिथे बिनइथेनॉलचं पेट्रोल भरा. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा घाबरू नका. बॉनेट उघडून वीस मिनिटं सावलीत गप्पा मारा. इंजिन ऑइल मात्र झिंक जास्त असलेलं घ्या. जुन्या कॅमशाफ्टला ते लागतं आणि आजच्या गाड्यांच्या ऑइलमधून ते बरंच कमी केलंय. झिंकचं दुकानातल्या बाटलीवर लिहिलेलं असतं, लेबल वाचा.

सुट्या भागांची चिंता करू नका, या गाड्या भरपूर झाल्या होत्या. कॅडिलॅक अँड लासॉल क्लब १९५८ पासून आहे, त्याचे सभासद व्हा. ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात हर्शीला जुन्या भागांचा जो बाजार भरतो तिथे एकदा जाच. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त मैलोन्मैल. आणि तुमच्या गाडीचं मूळ रूप बघायचं असेल तर मिशिगनात हिकरी कॉर्नर्सला गिल्मोर संग्रहालयाच्या आवारात याच क्लबचं स्वतंत्र दालन आहे. मी तिथे माझ्या गाडीच्या डिकीतला गालिचा चुकीच्या रंगाचा आहे हे शोधून काढलं. कुणी विचारलं नव्हतं.

चालवायला शिका, वीस वर्षं चालवत असलात तरी

गार गाडी सुरू करताना अॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडा. त्याने चोक आपोआप जागेवर येतो. दहादा पंप केलात तर प्लग ओले होतील. महिनाभर उभी असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, थोडा वेळ स्टार्टर फिरवावा लागेल. दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा.

१९५६ च्या आधीच्या गाडीत स्टीअरिंगमागच्या दांड्यावर क्रम असा: न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स. पार्क नाही. आजच्या सवयीने दांडा एका टोकाला ढकलून ‘लावली पार्कला’ म्हणून उतरलात तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते आणि निघते फिरायला. उभी करायची रीत: पूर्ण थांबा, इंजिन बंद करा, दांडा रिव्हर्सला टाका, मग पार्किंग ब्रेक. इंजिन बंद असताना रिव्हर्समध्ये गिअरबॉक्स अडकून राहतो. व्हॅलेवाल्याला चावी देऊ नका, त्या बिचाऱ्याला हे कुठून माहीत असणार. ड्राइव्हच्या दोन जागा आहेत, डावीकडची मोकळ्या रस्त्याला, उजवीकडची चढाला आणि गावात.

पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. तुमच्या समोरचा पाच सेकंदांत थांबेल, तुम्ही नाही. पाऊस असेल तर चढावर वायपर मंदावतील, कारण ते इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. पाय जरा उचलला की पुन्हा जोमाने फिरतात. सीटबेल्ट नाहीत. कमरेचे पट्टे फरशीला, खालून मजबुतीची पट्टी देऊन, पक्के बोल्ट करून बसवता येतात, ते बसवा. लहान मुलाची सीट या गाडीत नीट बांधली जात नाही, त्यामुळे बाळ दुसऱ्या गाडीतून.

पेट्रोल पंपावर एक गंमत होते, तिच्यासाठी मी मुद्दाम गर्दीच्या पंपावर जातो. झाकण कुठेच दिसत नाही. डाव्या मागच्या दिव्याखालची गोल चकती दाबली की अख्खा दिवा वर उचलतो, झाकण त्याच्या खाली. १९५४ ला हे असंच होतं. माझी मुलगी सात वर्षांची असताना हे काम तिच्याकडे होतं, आणि बघणाऱ्यांना ती आधी अर्धा मिनिट शोधू द्यायची.

नोव्हेंबर

मीठ पडायच्या आत गाडी आत. टाकी पूर्ण भरा, त्यात पेट्रोल टिकवायचं औषध घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. ऑइल बदलूनच ठेवा, जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगना चाटत राहतं. अँटीफ्रीझ तुमच्याकडच्या सगळ्यात थंड रात्रीला पुरेल एवढं आहे ना ते तपासा. बॅटरीला हळू चार्ज करणारा टेंडर लावा. टायरात थोडी जास्त हवा. पार्किंग ब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. वर सुती कव्हर घाला. प्लास्टिकचं नको, आत घाम धरतो.

राहिले उंदीर. सीटमधला कापूस त्यांना फार आवडतो. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडात आणि हवेच्या फिल्टरच्या तोंडात तारेचा काथ्या कोंबा, आणि कोंबल्याबरोबर एक चिठ्ठी लिहून स्टीअरिंगला दोऱ्याने बांधा: ‘मागे काथ्या आहे’. एका नोव्हेंबरात मी ती बांधायला विसरलो आणि एप्रिलमध्ये गाडी तशीच सुरू केली. शेजाऱ्याच्या पांढऱ्या कुंपणावर तो काळा ठिपका अजून आहे.